खेळाडूस रडवावे कसे? होतकरू गेमकारांसाठी काही सूचना

ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम तयार करण्याचे आपण मनावर घेतले आहे, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. आपल्याला मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला परवा रात्रीच प्राप्त झाला. सलग चार मॅच जिंकून मी वरच्या रँकच्या उंबरठ्यावर उभा होतो. पाचव्या मॅचमध्ये गेमने माझ्या पदरात जे चार टीममेट टाकले, त्यांतला एक पहिल्या मिनिटापासून जागचा हलला नाही, दुसरा तिसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यात गुंतला आणि तिसरा त्या उद्धाराला कंटाळून मध्येच निघून गेला. चौथा बिचारा बरा होता. आम्ही हरलो. एका विजयाला १७ गुण देणाऱ्या त्या गेमने या एका पराभवाचे २८ कापले, आणि ‘पराभव’ ही अक्षरे पडद्यावरून पुसली जाण्याआधीच सोनेरी चौकटीत एक कार्ड झळकले: ‘आपला रँक वाचवा! ही संधी फक्त १० मिनिटे.’ खाली सेकंद उलटे धावत होते. त्यांच्याकडे पाहता पाहता माझी खात्री पटली, की हे काम निष्काळजी माणसाचे असूच शकत नाही. यामागे कसबी कारागीर आहेत, आणि त्यांची विद्या होतकरूंपर्यंत पोहोचलीच पाहिजे.

तर सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, की समाधानी खेळाडू गेमकाराच्या काही कामाचा नसतो. तो दोन मॅच खेळतो, खूश होतो, फोन बाजूला ठेवतो आणि झोपी जातो. अशा माणसाला काय विकणार? वैतागलेला माणूस मात्र ‘ही शेवटची’ असे म्हणत पहाटेपर्यंत जागतो. म्हणून आधी काटा रुतवावा आणि मग चिमटा विकायला बसावे. झिंगा या गेम कंपनीत या तत्त्वासाठी ‘फन पेन’ असा शब्द वापरला गेला होता. म्हणजे गंमत आणि कळ यांचे असे मिश्रण, की कळ थांबवण्यासाठी खेळाडूने पाकीट उघडावे.

जुन्या पिढीकडून शिकताना थोडे सावध राहावे, कारण ती मंडळी अंमळ भोळी होती. १९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये आपले पात्र मेले, की कमावलेले अनुभवाचे गुण कमी होत आणि सगळे सामान प्रेतापाशीच राही, मग ज्या राक्षसाने मारले, त्याच्याच दारात उघड्या अंगाने जाऊन आपले प्रेत शोधावे लागे. छळ अस्सल होता, पण प्रेत परत मिळवून देणारे कार्ड विकावे, हे त्या काळी सुचले नाही. त्यांचा धंदा मासिक वर्गणीचा होता, त्यामुळे खेळाडूचा वेळ खाल्ला तरी त्यांचे भागत असे.

भाषेवर प्रभुत्व असू द्यावे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा गेम २००४ मध्ये बाजारात येण्यापूर्वी त्याची चाचणी सुरू असताना, फार वेळ खेळणाऱ्याला मिळणारा अनुभव निम्मा करण्याचा नियम होता आणि खेळाडू त्यावर खवळले होते. मग निम्म्याला ‘नेहमीचा’ म्हटले गेले आणि पूर्ण अनुभवाला ‘विश्रांतीचा दुप्पट लाभ’ असे नाव मिळाले. हिशेब तोच राहिला, ओरड थांबली.

रोजची हजेरी शाळेपेक्षा कडक ठेवावी.

तक्रारीचे बटण अवश्य द्यावे. त्यामागे काही असण्याची गरज नाही.

आता मुख्य विद्येकडे, म्हणजे मॅचमेकिंगकडे वळू. कोणाची गाठ कोणाशी घालायची, हा प्रश्न पूर्वी फार साधा मानला जाई. आर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटूंचे बळ आकड्यांत मोजण्याची रीत बसवली, जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली, आणि तुल्यबळांची गाठ पडावी म्हणून पुढे तीच रीत या ना त्या रूपात ऑनलाइन गेममध्येही आली. तुल्यबळ! केवढा हा बाळबोधपणा! २०१७ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीच्या आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. बरोबरीच्या जोड्या लावणे हे ध्येय मानण्याचे कारण नाही, खेळाडू गेम सोडून जाऊ नये हे ध्येय मानावे आणि त्याच्या गेल्या काही मॅचच्या निकालांवरून तो कितपत कंटाळला आहे हे ताडून पुढची जोडी लावावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे मी जिंकावे की हरावे, हा प्रश्न माझ्या कौशल्याचा उरलाच नाही. मी उद्या परत येईन ना, एवढ्यापुरताच तो उरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲक्टिव्हिजन या दुसऱ्या गेम कंपनीला एक पेटंट मिळाले. त्यात नवख्या खेळाडूची गाठ मुद्दाम अशा मुरलेल्या खेळाडूशी घालण्याची सोय वर्णिली आहे, ज्याच्या हातातले शस्त्र पाहून नवख्याला ते विकत घ्यावेसे वाटेल. आणि त्याने ते घेतलेच, तर त्याला पुढे अशा मॅचमध्ये सोडायचे, जिथे ते शस्त्र विशेष चालते, म्हणजे पैसे सार्थकी लागले असे त्याला वाटावे. ही युक्ती कोणत्याही गेममध्ये वापरलेली नाही, असे कंपनीने सांगितले. उत्तम. पण कुणीतरी खुर्चीवर बसून हे सुचवले ना? कुणीतरी त्याच्या आकृत्या काढल्या, वकिलाला पैसे दिले आणि ही कल्पना दुसऱ्याने चोरू नये म्हणून सरकारी शिक्का मारून घेतला ना? चोरीला जाऊ नये एवढी मौल्यवान वस्तू कोणती, तर माझी असूया! माझी चार विजयांची माळ माझ्या हाताची कमाई होती की पाचव्या मॅचची पूर्वतयारी, हे मला आता कधीही कळणार नाही, आणि २८ गुणांपेक्षा या गोष्टीचा मला अधिक संताप येतो. एखादा विजय तरी निखळ माझा म्हणून राहू द्यायचा होता.

असो. सूर चढला, क्षमस्व. आपण सूचनांकडे येऊ.

कष्टांचा भाव एकदम वाढवू नये. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’ येऊ घातला, तेव्हा डार्थ व्हेडर हे पात्र हाती येण्यासाठी गेममधली ६०,००० क्रेडिट लागत, आणि त्यासाठी सुमारे ४० तास खेळावे लागेल असा हिशेब खेळाडूंनी मांडला. यातून खेळाडूंना अभिमान आणि कर्तृत्वाची भावना मिळावी हा हेतू आहे, असे उत्तर कंपनीकडून रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर आले. त्याला साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. किंमत १५,००० वर आली, पैशाने खरेदी करण्याची सोयही तूर्त बंद झाली. चूक छळ करण्यात नव्हती, एकाच दिवशी सगळा छळ उघडा करण्यात होती. आपण हप्त्याहप्त्याने वाढवावा.

सरकारचे भय फारसे बाळगू नये, मात्र बटणे जपून मांडावीत. ‘फोर्टनाइट’मध्ये गेम झोपेतून जागा करताना किंवा स्क्रीन लोड होत असतानाही एका बोटाने खरेदी होऊन जाई, अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केलेल्या या आरोपांपायी एपिक गेम्सने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ग्राहकांना परतफेडीसाठी २४.५ कोटी डॉलर मोजण्याचे मान्य केले. उलट बाजूही पाहावी: चीनने २०२३ च्या डिसेंबरमध्ये रोजच्या लॉगिनची बक्षिसे बंद करण्यासह काही निर्बंधांचा नुसता मसुदा काढला, तर टेन्सेन्ट या तिथल्या बड्या गेम कंपनीचा शेअर एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक घसरला, आणि पुढच्याच महिन्यात तो मसुदा संकेतस्थळावरून नाहीसा झाला.

आणि मल्टिप्लेअरचे खरे वैभव कशात आहे, ते विसरू नये. एकट्याच्या गेममध्ये खेळाडू चिडला, तर तो गेमवर चिडतो. इथे शिव्या खायला माणसे आयती मिळतात. गुणांचा हिशेब तुमचा, जोडी लावणारे यंत्र तुमचे, दहा मिनिटांचे घड्याळ तुमचे; आणि हरलेला माणूस खेकसतो कुणावर, तर त्याच्यासारख्याच हरलेल्या दुसऱ्या माणसावर. परवा मीही तेच केले. जागचा न हललेल्या त्या मुलाला (मुलगा असावा, असे मी मानतो) मी जे लिहिले, ते इथे छापण्याजोगे नाही. त्याचे इंटरनेट गेले असेल, घरात कुणी हाक मारली असेल, कदाचित तोही सलग चार मॅच जिंकून आला असेल. मी त्याला लिहिले. तुम्हाला एक अक्षर लिहिले नाही.

तेव्हा आता लिहितो. हरण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी आयुष्यभर हरत आलो आहे, बुद्धिबळात तर लहान मुलांकडूनही हरलो आहे, आणि दर वेळी आपण कुठे चुकलो हे समोरच्या पटावर दिसत होते. तुमच्या गेममध्ये मी कुठे चुकलो ते दिसत नाही, कारण ते दिसू नये अशीच तुम्ही रचना केली आहे. बुद्धिमान माणसे आहात तुम्ही. गणित येते, मानसशास्त्र येते, चित्रे अशी काढता की डोळे निवावेत; आणि एवढी सगळी विद्या पणाला लावता ती कशासाठी, तर दमलेल्या माणसाला रात्री दोन वाजता आणखी वीस मिनिटे जागे ठेवण्यासाठी. लाज कशी वाटत नाही? जिंकल्यावर १७ का आणि हरल्यावर २८ का, ते लिहा. मॅच सुरू होण्याआधी आम्ही जिंकण्याची शक्यता तुमच्या यंत्राने किती धरली होती, ते दाखवा. ज्याच्या टीममधला माणूस निघून गेला, त्याचे गुण कापू नका. हे करायला कुठल्या संशोधनाची गरज नाही. आणि ते दहा मिनिटांचे घड्याळ आधी काढून टाका. मी नवव्या मिनिटाला ते कार्ड विकत घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हरलो तेव्हा तेच कार्ड, त्याच भावात, पुन्हा दहा मिनिटांसाठी माझ्यासमोर आले.