डिझेलने इंजिन धुऊ नका: जुन्या बाइकच्या व्हायरल मेसेजला उत्तर

'जुनी बाइक अर्ध्या तासात नवी करा, मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. आता तो माझ्या आत्तेभावापर्यंत पोचला आहे. त्याच्याकडे टाकीवर अजून 'हीरो होंडा' लिहिलेली स्प्लेंडर आहे आणि त्याने डिझेलचा कॅन आणूनही ठेवलाय. मेसेजमध्ये पाच उपाय आहेत: ऑइल काढून तेवढंच डिझेल भरा आणि दहा मिनिटं रेस करा, टाकीत चार डांबरगोळ्या टाका, एअर फिल्टर काढून फेका, धूर येत असेल तर कारचं जाड ऑइल घाला, प्लग पॉलिश पेपरने घासा.

डिझेलचा उपाय सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. स्प्लेंडरच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर एकमेकांवर घासत चालतात. मध्ये असतो तो फक्त ऑइलचा पातळ थर. ४० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला किमान १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) असावा लागतो. डिझेलचा दाटपणा ४० अंशालाच २ ते ४.५ असतो, इंजिन तापल्यावर त्याहून कमी. डिझेलचा थर हा दाब सोसूच शकत नाही. त्यात वर रेस करायला सांगितलंय! कॅमवर ओरखडे पडायला, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला (बोअरला) घासायला दहा मिनिटं खूप झाली. नंतर हेडमधून येणारा टकटक आवाज टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कितीही सेट केलं तरी जात नाही.

बरं, यातून कार्बन तरी निघतो का? नाही. पिकअप खाणारा कार्बन पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हवर बसतो. तिथे खालचं डिझेल पोचतच नाही. खालून सुटतो तो चिखल, आणि तो ऑइल पंपाच्या आधीच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी अर्धी बंद झाली की सगळ्यात आधी वरचं हेड कोरडं पडतं.

आणि सगळं डिझेल बाहेर येतं हाही गैरसमज आहे. गाडीसोबत मिळालेलं ओनर्स मॅन्युअल उघडा. इंजिन पूर्ण खोललं तर ऑइल ०.९ लिटर, नुसतं ड्रेन केलं तर ०.७५ लिटर असं त्यात लिहिलंय. म्हणजे बोल्ट काढून कितीही वेळ थांबलात तरी दीडशे मिली आतच राहतं. डिझेल भरलंत तर नव्या ऑइलमध्ये जवळजवळ सहावा हिस्सा डिझेल मिसळून तुम्ही गाडी चालवणार. मॅन्युअलमधली ही एक ओळ वाचली असती तर हा मेसेज कोणी पुढे पाठवला नसता.

इंजिन आतून साफ करायची खरी जागा वेगळीच आहे. या इंजिनात कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. एक जाळी आहे आणि क्रँकवर (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावर) फिरणारा, मळ भिंतीला फेकणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर आहे. गाडी पाच मिनिटं चालवून गरम करा, सरळ उभी करून ऑइल काढा. किक काढा, क्लचची केबल सोडा आणि उजव्या बाजूचं कव्हर खोला. फिल्टरच्या झाकणाचे स्क्रू घट्ट बसलेले असतात. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने त्यांची डोकी जातात, तिथे हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच हवा. झाकण निघालं की आतल्या भिंतीला काळपट राखाडी लगदा थापलेला दिसेल. बोटाने खरवडला तर त्यात धातूची चमक असते. हा मळ फिरण्याच्या जोराने भिंतीला दाबून बसलेला असतो, कुठल्याही फ्लशने तो निघत नाही. लाकडी काडीने खरवडा, रॉकेलने पुसा, पूर्ण कोरडं करा. जाळीही धुवा. कव्हरचं गॅस्केट नवीनच टाका. मग ठरलेल्या ग्रेडचं ऑइल भरा आणि पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा बदला.

डांबरगोळ्यांचं खूळ फार जुनं आहे. नॅफ्थलीनने पेट्रोलचा ऑक्टेन (दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता) थोडा वाढतो, इतकं खरं. पण स्प्लेंडरसारख्या कमी कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमध्ये मिश्रण कमी दाबणाऱ्या) इंजिनाला जास्त ऑक्टेनचा काही उपयोग नाही. त्याने मायलेजही वाढत नाही. गाडी काही दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि नॅफ्थलीनचे पांढरे खडे मागे राहतात. आयडलला पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, ते बुजलं की गाडी चोकशिवाय आयडलला चालू राहत नाही. शिवाय बाजारातल्या बऱ्याच गोळ्या आता नॅफ्थलीनच्या नसतातच, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. त्यात क्लोरीन आहे. जळल्यावर त्याचं आम्ल होतं आणि ते व्हॉल्व्ह व सायलेन्सर खातं.

'पेट्रोल आता पूर्वीसारखं राहिलं नाही' या मेसेजमधल्या वाक्यात मात्र तथ्य आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर त्याने फुगतं किंवा तडकतं. त्यावर उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरचे ओ-रिंग नवीन टाकणं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी ड्रेन करा. जेट साफ करताना तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरतो.

एअर फिल्टर काढल्यावर गाडी हलकी पळाली, तर फिल्टर तुंबला होता एवढाच त्याचा अर्थ. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून नीट पिळून बसवा. कागदी असेल तर नवीन घ्या. फिल्टरशिवाय आपल्याकडच्या धुळीत पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झपाट्याने झिजतात. प्लग घासू नका, पेपरची खर पोर्सेलिनवर अडकते. जुना झाला असेल तर नवीन टाका, या जुन्या मॉडेलला गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा.

जाड ऑइलने धूर थोडा कमी होतो, हे मान्य. पण झीज आहे तिथेच राहते. शिवाय या गाडीत क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्याने क्लच घसरतो. डब्यावर 'जासो एमए' (बाइकच्या ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचं मानक) लिहिलेलं नसेल तर ते ऑइल घेऊ नका.

धूर नेमका कुठून येतो ते आधी बघा. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या किकला निळा धूर आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेत. ॲक्सिलरेटर दिला की सतत येत असेल तर संशय रिंगांवर. गेज लावून कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा-बोअर गेलेत: बोअर करून ०.२५ ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागेल. चढला नाही तर आधी थंड इंजिनावर टॅपेट तपासा, कारण टॅपेट टाइट असलं तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. टॅपेट बरोबर असूनही आकडा कमीच राहिला, तर हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंगला द्या.