कॅशबॅक आटला, तरी पोरांनी वॉलेट सोडलं नाही

कोकणातली पोरं मोबाईलवरून पैसे देतात ती कॅशबॅकच्या नादाने, हे मत मला पटत नाही. कॅशबॅक कधीच आटला. पोरं टिकली ती सुट्ट्या पैशांच्या कटकटीमुळे. एसटीचा कंडक्टर असो की नाक्यावरचा वडापाववाला, पहिला प्रश्न 'सुट्टे आहेत का?' बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर 2020 पासून दुकानदाराला शुल्क नाही, म्हणून वीस रुपयांच्या कोकम सरबतालाही क्यूआर पुढे करतात.

दुसरं कारण कोणी उघड बोलत नाही: पासबुक! साध्या यूपीआयने दिलेला प्रत्येक चहा त्यात छापून येतो. बाबा एंट्री मारून आले की घरी चौकशी सुरू. यूपीआय लाइट म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलंच छोटं वॉलेट. त्यात हजार रुपये भरले, की पासबुकात तेवढी एकच ओळ. पुढचा हिशेब फोनमध्ये. खर्च लपतो म्हणून ओरडणाऱ्यांनी हेही बघावं, की हजार ठरवून बाजूला काढणारा पोरगा खर्चाला कुंपणच घालत असतो.

सुरू करणं सोपं. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये यूपीआय लाइट, खातं निवडा, रक्कम टाका, पिन एकदाच. मग एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. शिल्लक जास्तीत जास्त 5,000. पैसे आधीच वेगळे काढलेले, त्यामुळे पैसे देताना बँकेचा सर्व्हर बसला तरी सहसा अडत नाही. रेंज मात्र लागते. पावसाळ्यात वीज गेली, टॉवर बंद पडला, की खिशात नोटा हव्यातच.

पिन नाही म्हणजे उघडा फोन चोराच्या हाती लागला की पैसेही गेले. म्हणून पाच हजार भरून ठेवू नका, हजार-दीड हजार पुष्कळ झाले. फोन बदलण्याआधी किंवा फॉरमॅट मारण्याआधी यूपीआय लाइट बंद करा, उरलेले पैसे खात्यात परत येतात. नेमकं हेच विसरलं जातं.

साध्या यूपीआयने पैसे कापले पण दुकानदाराला पोचले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा देण्याआधी व्यवहाराची स्थिती बघा आणि 12 आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पुढे उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई.

आणि होमस्टेवाल्यांनो, 'अ‍ॅडव्हान्स पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर त्याच घडीला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा.