मेंब्रेन आणा म्हणता, पण ते धुणार कोण?

2027 च्या कुंभाच्या निमित्ताने नाशकात पाण्याचा विषय परत निघालाय, आणि गंगापूर रोडला राहणारा माझा भाचा फोनवर तावातावाने सांगत होता की मामा, ती तुरटी नि वाळूचे फिल्टर जुने झाले, आता सिंगापूरसारखे मेंब्रेन (अतिशय बारीक छिद्रांची गाळणी) प्लांट लावायला पाहिजेत. मी इथे सिंगापुरात अशाच प्लांटवर काम करतो म्हणून सांगतो, मेंब्रेन चांगलंच आहे, क्लोरीनला दाद न देणारा, पोट बिघडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू पण त्यात अडकतो (1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत वाळूचे फिल्टर असूनसुद्धा याने सुमारे 4 लाख लोक आजारी पडले होते). पण जे अडकतं ते जाणार कुठे? तिथेच बसतं ना.

यालाच फाउलिंग म्हणतात. गाळ, शेवाळाचा चिकटा, कुजलेल्या पाल्यातून सुटलेलं काय काय, त्यावर बॅक्टेरियाचा थर. तेवढंच पाणी ढकलायला प्रेशर हळूहळू चढत जातं, मग गाळ-जंतू अडवणाऱ्या मेंब्रेनला उलटं पाणी मारून बॅकवॉश केला की खाली येतं, पण दर वेळी थोडं वरच राहतं, आणि ते उरलेलं काढायला हायपो (म्हणजे क्लोरीनचंच द्रावण) नि सायट्रिक ॲसिडने धुवावं लागतं. एकदा आरओचं, म्हणजे क्षारही अडवणाऱ्या सगळ्यात बारीक मेंब्रेनचं, जुनं एलिमेंट (मेंब्रेनची गुंडाळी) कापून उघडलं होतं, आतल्या पापुद्र्यावरून बोट फिरवलं तर तपकिरी बुळबुळीत थर बोटाला आला, आणि हे इतकं जपूनसुद्धा. बरं, आधीच्या मेंब्रेनला क्लोरीन चालतं, पण आरओत क्लोरीन मारून जंतू संपवावेत तर त्याने मेंब्रेनच खराब होतं.

इथे जमतं कारण सांडपाण्याची नि पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी आहे, आणि रोज मीटर बघणारी, वेळेत धुणारी माणसं आहेत. आरओला वीज मात्र भरपूर लागते, शिवाय काही वर्षांनी मेंब्रेन बदलायचा खर्च असतोच.

आपलं नशीब चांगलं की गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे त्या धरणाच्या पाण्यातून आपली घाण आपल्या नळात येत नाही, ती खाली निफाडकडे जाते आणि त्याची मला खरंच लाज वाटते. पण जुलैत धरणात लाल गढूळ पाणी येतं तेव्हा तुरटीने गाळ नीट बसवला नाही तर मेंब्रेन बघता बघता चोंदेल. म्हणजे जी तुरटी काढून टाका म्हणताय तीच आधी धड चालवावी लागेल.

घरी पण हेच बघतो. बहिणीकडे पावसाळाभर आरओची पुढची कँडल कोणी बदलली नाही, सर्व्हिसवाला आला आणि थेट म्हणाला मेंब्रेन गेलं, नवीन टाका. मुळात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओ नकोच असं हरित लवादाने 2019 मध्येच म्हटलंय, आणि धरणाचं पाणी तर सह्याद्रीतल्या पावसाचं आहे, म्हणजे त्यात क्षार कमीच.

महापालिकेने मेंब्रेन जरूर आणावं, माझा विरोध नाही. फक्त टेंडरमध्ये पुढच्या 10 वर्षांचं धुणं, केमिकल, बदली मेंब्रेन आणि शिकलेल्या ऑपरेटरचा पगार आधी धरा, आणि नगरसेवक मत मागायला आले की भाच्याने त्यांना तेवढंच विचारावं.