कुत्र्याला घेऊन कोकणात जाताय? मग हे वाचा

कुत्र्याला गाडीतून प्रवासाला नेण्याबद्दलच्या एका लेखात लिहिलंय की निघायच्या आधी कुत्र्याला पोटभर खायला घाला म्हणजे तो गाडीत झोपतो, पण प्लीज असं करू नका. आमच्या शेरूला आम्ही पुण्याहून दापोलीला नेताना हेच केलं आणि ताम्हिणीच्या वळणांवर बिचारा दोनदा ओकला, तोंडाला लाळेच्या तारा, अंग थरथरतंय, बघवत नव्हतं हो. आता निघायच्या ३-४ तास आधी खाणं बंद, पाणी मात्र थोडं थोडं देतो, मागची काच दोन बोटं उघडी ठेवतो आणि दर दीड-दोन तासांनी पट्टा लावूनच खाली उतरवतो.

बीचवर गोड्या पाण्याची बाटली आणि त्याचं भांडं लागतंच, कारण तहान लागली की ते समुद्राचं पाणी पितात आणि मग उलट्या जुलाब सुरू. आणि संध्याकाळी गोचीड बघाच, कानाच्या आत आणि पंजाच्या बोटांमध्ये, शेरूच्या बोटांत मुगाएवढी फुगलेली निघाली होती. रॉकेल वगैरे ओतू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. गोचिडाचं औषध डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच द्या, तिकडे पोचल्यावर धावपळ नको.