उत्तम ऐकायचंय? मग आधी गाणं बंद करा

मागच्या रविवारी साडूंकडे कोथरूडला गेलो होतो. "कुमारजी ऐकायला या, असे कधी ऐकले नसतील तुम्ही" असं कुमार गंधर्वांच्या गाण्याचं आग्रहाचं बोलावणं होतं म्हणून दुपारची झोप सोडून गेलो, आणि एक ते चार सोडणं म्हणजे काय हे पुण्यातल्या माणसाला मी सांगायला नको. साडेतीन तास बसलो. एक गाणं पूर्ण ऐकलं नाही. ज्ञान मात्र पोतंभर मिळालं, ते एकट्याने पचेना म्हणून इथे वाटतोय. ज्यांना गाण्याबिण्याच्या फंदात न पडता थेट म्युझिक सिस्टीममध्ये शिरायचंय त्यांनी लिहून घ्या.

सुरुवात हॉलपासून करायची. हॉलमध्ये एकच खुर्ची. दोन्ही स्पीकरचा आवाज जिथे नेमका जुळतो तिथे. तिला स्वीट स्पॉट म्हणायचं, आणि तिच्यावर आपण बसायचं. पाहुणे दिवाणावर, आणि त्यांना दर दहा मिनिटांनी "तुम्हाला तिथून नाही कळायचं म्हणा" असं सांगत राहायचं. देव्हारा उजव्या भिंतीवर असेल तर तो आवाज परत फेकतो, सबब देव हलवा. साडूंकडचे देव सध्या स्वयंपाकघरात, फ्रीज आणि आरओच्या मधे आहेत. मेहुणी काही बोलत नाही. भांडी जरा जोरात ठेवते, तेवढंच.

दुसरं, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कान चुकूनही तपासून घेऊ नका.

कारण पुस्तकात माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं असं लिहिलेलं असतं ते कोवळ्या कानाचं, पन्नाशीपर्यंत वरचे काही हजार गुपचूप निघून गेलेले असतात. साधी सीडी ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, त्यात निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज बसतात, तिच्यातच माणसाला ऐकू येणारं सगळं मावतं. पण तुम्ही १९२ च्या खाली फाईल घ्यायची नाही. म्हणजे ९६ किलोहर्ट्झपर्यंतची सोय झाली. घरात वटवाघूळ पाळलं असेल तर त्याला मेजवानीच.

आता वायर. वायर हा या छंदाचा गाभा आहे, गाणं वगैरे नंतर. साडूंच्या स्पीकरच्या वायरी अजगराएवढ्या जाड आहेत आणि त्या फरशीला टेकू नयेत म्हणून खाली हातभर अंतरावर चिनीमातीचे ठोकळे मांडलेत, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढे. फरशीतून कंपनं येतात म्हणे. ते ठोकळे मी पायाने जरा सरकवले तर माणूस असा कळवळला की जणू मी समई लवंडली. मग पॉवर केबल दाखवली. दीड मीटर. किंमत मी विचारली नव्हती, त्यांनी सांगितली, आणि ती ऐकून मला माझी पहिली स्कूटर आठवली. हिच्यामुळे म्हणे शांतता जास्त काळी होते! अहो, वीज येते कुठून? नाक्यावरच्या डीपीतून, ज्याच्या अंगावर गेली दहा वर्षं क्लासेसची पोस्टरं चिकटलीत. तिथून खणलेल्या, बुजवलेल्या, परत खणलेल्या रस्त्याखालून, मग तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून जिथे पालीचं तीन पिढ्यांचं बिऱ्हाड आहे, मग बिल्डरने जिथे हात आखडता घेतला त्या भिंतीतल्या वायरीतून, आणि एवढा सगळा प्रवास करून आलेल्या त्या विजेला शेवटच्या दीड मीटरमध्ये संस्कार लागतात होय? गंगोत्रीपासून गटारं सोसत आलेलं पाणी आणि तुम्ही नळाला चांदीची तोटी लावताय! आणि मी हे बोललो तर "ते कान तयार व्हावे लागतात" हे ऐकून घ्यायचं. २०२२ साली अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीचं प्रकरण झालं तेव्हा कुठे गेले होते तयार कान? ज्या महागड्या रेकॉर्डी शुद्ध अ‍ॅनालॉग, शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून लोक छातीशी धरत होते त्यांच्या पोटात वर्षानुवर्षं एक डिजिटल टप्पा होता. तो कुणाच्या कानाने धरला नाही, कंपनीत जाऊन विचारल्यावर कळलं. साडूंना हे सांगितलं तर ते चहा आणायला आत गेले. मग कोर्टकचेऱ्या झाल्या ते मी दिवाणाला सांगितलं.

असो. मी सल्ले देत होतो.

गाणं चाळीस सेकंदांच्या वर वाजवायचं नाही. तेवढ्यात फरक कळतो.

गाण्याची निवड गायकावरून करू नका, रेकॉर्डिंगवरून करा. माझ्या बायकोने केसरबाई केरकरांची भैरवी लावा म्हटलं तर उत्तर आलं, "ती सिस्टीमवर अन्याय करते हो, फार जुनं आहे, मोनो आहे." ही तीच साडेतीन मिनिटांची भैरवी, जी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून पृथ्वीचा नमुना म्हणून पाठवली. ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचली, कोथरूडच्या हॉलात मात्र तिला प्रवेश नाही. तिच्याऐवजी काय ऐकलं? काच फुटल्याचा आवाज. परदेशी, स्टिरिओ, अप्रतिम फुटली.

सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं. पहिल्याच कलाकाराच्या आलापीत शेजाऱ्याला "मिड्स, म्हणजे मधले स्वर, गढूळ आहेत" सांगून स्टॉलवर खायला निघून जायचं.

आता ज्यासाठी गेलो होतो ते. शेवटी एकदाचं कुमारजींचं निर्गुणी भजन लागलं आणि खोटं कशाला बोलू, आवाज खरंच फार सुंदर होता. तंबोरे डावीकडून नुसते भरून येत होते. बायकोने मांडीवर ताल धरला. मुखडा घेऊन ते समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे निघाले, आता येणार, आता येणार, आणि साडूंनी पॉज दाबला.

"श्वास ऐकलात? समेच्या आधीचा? जुन्या केबलवर हा श्वास नव्हताच."

बायको म्हणाली, "भावजी, सम तरी येऊ द्या." तर म्हणे थांब, तोच तुकडा आधी जुन्या केबलवर ऐकवतो, मग परत नव्या. सहा वेळा. सहा वेळा तो श्वास ऐकला आणि सम एकदाही नाही.

आता चेष्टा पुरे. साडूसाहेब, लाज वाटत नाही का हो? तो श्वास कुणाचा आहे? क्षयाने फुफ्फुस पोखरलेला माणूस, ऐन उमेदीत देवासला काही वर्षं न गाता पडून राहिला, आणि उठल्यावर जेवढा दम उरला होता तेवढ्यात बसेल असं गाणं नव्याने घडवलं. तो श्वास समेवर येण्यासाठी घेतलाय, तुमची वायर पास की नापास ठरवण्यासाठी नाही. आमची आजी सांगायची, १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण लागलं की अख्खा वाडा एका रेडिओभोवती गोळा व्हायचा, कुणी त्या खरखरणाऱ्या डब्याला हार घालायचं, आणि स्वीट स्पॉट सांगायचा तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, कारण तिथे डास कमी. हौस करा ना, पैसा तुमचा, भिंत तुमची, देवही तुमचे. पण मग सरळ सांगा की आम्हाला यंत्रं आवडतात. गाणं ऐकायला या म्हणून माणसं बोलावू नका. आणि लोक गाण्यात असताना बटणाला हात लावू नका, गवयाला मधेच उठवता का तुम्ही?

घरी येताना करिष्मा सोसायटीपाशी सिग्नलला थांबलो होतो, नव्वद सेकंद लाल. मागे बसलेल्या बायकोने तिथे तो मुखडा गुणगुणत समेवर आणून सोडला. शेजारच्या रिक्षावाल्याने मान हलवली, हॉर्नसाठी की सुरासाठी ते माहीत नाही.

काल साडूंचा मेसेज आला. नवीन पॉवर केबल आली आहे, रविवारी या, जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी लिहिलं, येतो, पण आधी ते भजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावायचं. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर तासाभराने आलं.

"ते डिलीट केलं. नव्या केबलवर हिस, म्हणजे मागची सूं सूं, फार ऐकू येते त्यात."