सही करायला कधी येतेस?

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. दादा फोनवर म्हणाला, "हक्कसोडपत्र तयार आहे, सही करायला कधी येतेस?" मी जमीन मागितली नव्हती, पण सोडते असंही कधी म्हटलं नव्हतं. आत्याने बाबांसाठी सही केली, आईने मामांसाठी केली. माझंही तसंच होणार हे घरात ठरलेलंच होतं.

मी अकरा वर्षं जर्मनीत आहे. गावी गेलं की ऐकायला मिळतं, "तिकडे बायकांना सगळे हक्क असतात, आपली संस्कृती वेगळी." हे मला पटत नाही. माझ्या शेजारच्या आजींचं लग्न झालं तेव्हा पश्चिम जर्मनीचा कायदा सांगत होता की बायकोने नोकरी करावी, पण घरसंसाराची कर्तव्यं सांभाळून जमेल तेवढीच. स्त्री-पुरुष समानता राज्यघटनेत १९४९ पासून होती, हे कलम मात्र १९७७ मध्ये गेलं. तीही तिथली संस्कृतीच होती, आणि ती आजींच्या डोळ्यांदेखत बदलली.

आपला कायदा तर मागे नाहीच. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता का होईना. २००५ मध्ये तो देशभर आला. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही.

खरा फरक मला सहीच्या वेळी दिसतो. इथे जर्मनीत आईवडिलांच्या हयातीत मुलीने वारसाहक्क सोडायचा असेल, तर तो करार नोटरीपुढेच करावा लागतो. हा नोटरी म्हणजे शिक्का मारून देणारा नव्हे. तो अख्खा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो आणि तुम्ही काय गमावताय ते समजावून सांगतो. आईबरोबर मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेले होते. "सही तुमचीच ना? कॅमेऱ्याकडे बघा." एवढंच. दस्त तिने वाचला नव्हता, वाचायला कुणी दिलाही नव्हता. घरी आल्यावर साडीचोळी झाली.

दादाची बाजू मला कळते. शेती तो कसतो, बाबांचं आजारपण त्यानेच काढलं. त्याचं मोल धरायलाच हवं, आणि ते समोरासमोर बसून, आकडे मांडून धरता येतं. पण "भांडलीस तर माहेर तुटेल" या भीतीपोटी दिलेल्या सहीला मी संमती म्हणणार नाही. आत्याला माहेराखेरीज दुसरा आधार नव्हता. तो आधार कुठलंच कलम देत नाही, म्हणून तिला मी दोष देत नाही.

मी दादाकडे मसुदा मागितला, गट नंबर आणि क्षेत्रासकट. दोन दिवस त्याचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचा आला. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, त्यांच्या माहेरच्या दस्तावर सही करून चार वर्षं झाली, त्यात काय लिहिलं होतं ते आता कुठे बघायला मिळेल?

जिथे नोंदणी झाली तिथेच अर्ज करा, नक्कल मिळते, असं मी सांगितलं.