ओरबाडलेल्या कढीपत्त्याला ताक पाजू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: 'खिडकीतल्या कढीपत्त्याची पानं काढल्यावर झाड मलूल पडलं? वाटीभर आंबट ताक ओता, चमचाभर एप्सम सॉल्ट घाला, मोठ्या कुंडीत हलवा, रोज भरपूर पाणी द्या. आठ दिवसांत हिरवंगार!' हे सगळं करून मेलेली दोन झाडं मी स्वतः उपटली आहेत, म्हणून लिहितेय.

आधी पाणी, कारण झाड बहुधा त्यानंच जातं. झाड पाणी बाहेर टाकतं ते मुख्यतः पानांतून. निम्मी पानं खुडली की मुळांची ओढही कमी होते, म्हणजे पूर्वी दोन दिवसांत सुकणारी माती आता चार-पाच दिवस ओली राहते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मुळं कुजलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखीच मान टाकतं आणि आपण कळवळून आणखी एक तांब्या ओततो. बोट दोन पेरं आत घालून पाहा. माती कोरडी लागली तरच पाणी द्या.

ताकात थोडं नत्र, थोडं कॅल्शियम असतं, हे खरं. पण त्यातलं नत्र प्रथिनांत अडकलेलं असतं, जिवाणूंनी ती कुजवल्याशिवाय मुळांच्या हाती लागत नाही. अंगणातल्या झाडाखाली ते जिरून जातं. घरातल्या आठ इंची कुंडीत मात्र आंबूस वास सुटतो, चिलटं होतात. जेवणातलं उरलेलं ताक असेल तर त्यातलं मीठ वेगळंच.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियमच कमी पडलं असेल तर त्याचा उपयोग, एरवी नाही.

कुंडी नंतर बदला. वरून पानं गेलेली असताना खालून मुळंही दुखवायची, हे दुहेरी संकट कशाला?

खरी गरज उन्हाची. रोज चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशा खिडकीत झाड ठेवा, पण एकदम वैशाखातल्या दुपारच्या उन्हात नको. आणि पानं काढायची पद्धतही बदला. काडीवरची पानं ओरबाडून नागडी काडी मागे ठेवू नका. शेंडा पेराच्या, म्हणजे पान काडीला जोडलेलं असतं त्या जागेच्या, जरा वर कात्रीनं कापा, म्हणजे खालच्या पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे नव्या फांद्यांचे कोंब, फुटतात.

राहता राहिले 'आठ दिवस'. थंडीत कढीपत्ता जवळजवळ झोपलेलाच असतो, तेव्हा महिनाभर काही दिसणार नाही. धीर सुटला तर खोडाची साल नखानं किंचित खरवडा. माझ्या तिसऱ्या झाडाची मी होळीच्या सुमारास खरवडली होती. आत ओलसर हिरवं दिसलं, म्हणजे झाड जिवंत होतं, म्हणून वाट पाहिली. तीन आठवड्यांनी बगलेत मोहरीएवढा तांबूस कोंब आला होता.